घटक ४ : चित्रांकित चिनी पोर्सलेन पात्रे : वस्तूचे वाचन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• पोर्सलेन आणि इतर मातीची भांडी यांतील फरक सांगता येईल.
• झिलईखालील व झिलईवरील चित्रांकन यांची प्रक्रिया स्पष्ट करता येईल.
• चिनी पात्रांवरील चित्रांत दडलेला शाब्दिक अर्थ उलगडून दाखवता येईल.
• पात्रावरील लेखांचे प्रकार ओळखता येतील आणि त्यांची विश्वसनीयता तपासता येईल.
• एखादी जुनी वस्तू सांस्कृतिक साधन म्हणून कोणत्या क्रमाने वाचावी, हे समजेल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शिलालेख, ताम्रपट आणि दप्तरे या लिखित साधनांचा परिचय करून घेतला. अक्षरे कोरलेली किंवा लिहिलेली असली, की आपला त्यांच्यावर चटकन विश्वास बसतो. 'लिहिलेच आहे ना!' असे आपण म्हणतो आणि पुढील चौकशी थांबवतो. प्रस्तुत घटकात आपण अशा वस्तूंचा विचार करणार आहोत, की ज्यांच्यावर अक्षरेही आहेत आणि चित्रेही आहेत. परंतु ज्यांच्यावरील अक्षरे कधी खरी असतात, तर कधी खोटी. या वस्तू म्हणजे चीनमधील चित्रांकित पोर्सलेनची पात्रे होत.

ही पात्रे केवळ सुंदर म्हणून अभ्यासावयाची नाहीत. एका पात्रात भूगर्भातील माती, दूरदेशीचा रंग, कारागिराचा हात, ग्राहकाची आवड, भाषेतील शब्दखेळ आणि राजसत्तेचे नाव असे अनेक थर एकत्र आलेले असतात. हे थर वेगवेगळे करून पाहणे, कोणत्या थरावर किती भरवसा ठेवावा हे ठरवणे, यालाच आपण येथे 'वस्तूचे वाचन' असे म्हणू. साहित्यकृतीच्या अभ्यासात आपण संहितेचे अंतरंग आणि बहिरंग तपासतो. तीच दृष्टी येथे उपयोगी पडणार आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ 'चिनी माती' म्हणजे नेमके काय?

मराठीत 'चिनी मातीची भांडी' हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे करतो. घरातील लोणच्याची वर तपकिरी आणि खाली पांढरट अशी जाड बरणी, चहाची कपबशी आणि संग्रहालयातील नाजूक फुलदाणी या सर्वांना आपण एकच नाव देतो. प्रत्यक्षात बरणी सामान्यतः 'स्टोनवेअर' या प्रकारातील असते. तिची माती घट्ट भाजलेली असते, तिच्यात पाणी मुरत नाही. परंतु तिच्यातून प्रकाश आरपार जात नाही. खऱ्या पोर्सलेनचे पातळ पात्र उजेडासमोर धरले, तर पलीकडील बोटांची सावली दिसते. ते पांढरे, कठीण आणि अर्धपारदर्शक असते. टिचकी मारली असता त्यातून स्वच्छ नाद उमटतो.

हा गुण दोन पदार्थांच्या मिश्रणातून येतो. पहिला पदार्थ म्हणजे केओलीन ही पांढरी शुभ्र माती. चीनच्या जिआंगशी प्रांतातील जिंगदेझेन या नगराजवळ गाओलिंग नावाचे ठिकाण आहे. त्या नावावरूनच 'केओलीन' हा शब्द जगभर रूढ झाला. दुसरा पदार्थ म्हणजे एक विशिष्ट दगड. तो कुटून, पाण्यात धुऊन त्याच्या लहान पांढऱ्या विटा पाडतात आणि त्याच रूपात तो कारागिरांकडे येतो. सुमारे १,३०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत हा दगड वितळून काचेसारखा होतो. केओलीन मात्र वितळत नाही आणि पात्राचा आकार ढळू देत नाही.

फ्रांस्वा झाविए दांत्रकोल हे फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक अठराव्या शतकाच्या आरंभी जिंगदेझेनच्या परिसरात राहत होते. १७१२ आणि १७२२ मध्ये त्यांनी युरोपला पाठवलेल्या पत्रांत या उद्योगाचे तपशीलवार वर्णन आढळते. केवळ दगडाच्या विटा नेऊन पोर्सलेन बनवू पाहणाऱ्या युरोपीयांची तेथे कशी थट्टा होत असे, हे त्यांनी नोंदवले आहे. हाडांवाचून नुसत्या मांसाचा देह उभा करू पाहणारे लोक, असा त्या थट्टेचा आशय होता. दगड हे मांस आणि केओलीन हे हाड. एकच पात्र तयार होईपर्यंत सुमारे सत्तर जणांच्या हातांखालून जाते, असेही त्यांच्या पत्रात म्हटले आहे. माती मळणारा, चाकावर घडवणारा, आकार तासणारा, रेषा काढणारा, रंग भरणारा, झिलई देणारा, भट्टी लावणारा असे हे हात. म्हणून या पात्रांचा विचार करताना 'कलावंत कोण?' हा प्रश्न एकवचनात विचारता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

युरोपात खरे कठीण पोर्सलेन प्रथम जर्मनीतील सॅक्सनी येथे तयार झाले आणि १७१० मध्ये मायसेन येथे त्याचा कारखाना निघाला. तोपर्यंत अनेक शतके हे ज्ञान पूर्व आशियातच होते.

४.२.२ निळा रंग कोठून आला?

पांढऱ्या पात्रावर निळी चित्रे ही जगाच्या दृष्टीने चीनची ओळखच होऊन बसली आहे. परंतु या ओळखीचा इतिहास पाहिला, म्हणजे तिच्यात परक्यांचा वाटा किती मोठा आहे हे कळते.

हा निळा रंग कोबाल्ट या धातूच्या खनिजापासून मिळतो. चीनमध्ये त्याचा वापर तांग काळातही क्वचित झालेला दिसतो. परंतु निळ्या-पांढऱ्या पोर्सलेनची भरभराट झाली ती चौदाव्या शतकात, म्हणजे मंगोलांच्या युआन राजवटीत. मंगोल साम्राज्यामुळे चीन आणि इराण यांच्यातील दळणवळण वाढले होते. इराणमध्ये काशान नगराच्या परिसरात कोबाल्टच्या खाणी होत्या आणि तेथील कारागीर आपल्या मातीच्या भांड्यांवर व फरशांवर निळा रंग पूर्वीपासून वापरत होते. युआन काळातील उत्तम निळा रंग पश्चिम आशियातून आलेल्या कोबाल्टचा होता, असे अभ्यासक मानतात. या आयात कोबाल्टमध्ये लोहाचे प्रमाण अधिक आणि मँगनीजचे कमी असते; चीनमधील कोबाल्टमध्ये मँगनीज अधिक असते. त्यामुळे आज रासायनिक परीक्षणाने दोहोंमधील फरक दाखवता येतो. नुसत्या डोळ्यांनाही एक खूण दिसते : आयात कोबाल्टने काढलेल्या रेषांत जेथे रंग दाट साचला आहे, तेथे काळपट ठिपके उमटलेले असतात.

ग्राहकही मोठ्या प्रमाणावर पश्चिमेकडचेच होते. एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून अनेकांनी जेवण्याची रीत पश्चिम आशियात होती. त्यामुळे ४० सेंटिमीटरहून अधिक व्यासाचे थाळे तिकडे जात. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही दहा हजारांहून अधिक चिनी मृत्पात्रे आहेत. इराणचा शाह अब्बास याने १६११ मध्ये अर्दबील येथील दर्ग्याला हजाराहून अधिक चिनी पात्रे अर्पण केली होती. दिल्लीत तुघलकांच्या राजवाड्याच्या अवशेषांतही चौदाव्या शतकातील निळ्या-पांढऱ्या पात्रांची खापरे सापडली आहेत.

गंमत अशी, की खुद्द चीनमधील अभिजनांना आरंभी ही पात्रे रुचली नव्हती. १३८८ मधील 'गगू याओलुन' या रसिकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात निळ्या-पांढऱ्या व बहुरंगी पात्रांना गावंढळ ठरवले आहे. त्या रसिकांना एकरंगी, शांत झिलईची जुनी पात्रे प्रिय होती. पुढे पंधराव्या शतकात मिंग दरबारानेच निळी-पांढरी पात्रे आपलीशी केली आणि 'परके व भडक' ते 'अस्सल चिनी' ठरले. एखाद्या संस्कृतीचे 'अस्सल' रूप अनेकदा देवाणघेवाणीतून घडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

४.२.३ झिलईखाली आणि झिलईवर

चित्रांकनाच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

(अ) झिलईखालील चित्रांकन : घडवून वाळवलेल्या, पण न भाजलेल्या पात्रावर कोबाल्टची पूड पाण्यात कालवून कुंचल्याने चित्र काढतात. कोरडी माती रंग तत्काळ शोषून घेते. म्हणून एकदा ओढलेली रेषा पुसता येत नाही. त्या वेळी हा रंग निळा दिसतही नाही, तो करडा-काळा असतो. चितारी मनातल्या निळ्याकडे पाहत काळ्याने रेखाटत असतो. त्यानंतर पात्रावर झिलई चढवून ते भट्टीत ठेवतात. धूर व राख लागू नये म्हणून प्रत्येक पात्र जाड मातीच्या डब्यात ठेवलेले असते. पक्क्या भाजणीत झिलई काचेसारखी पारदर्शक होते आणि निळा रंग तिच्याखाली कायमचा सुरक्षित राहतो. शतके उलटली तरी तो झिजत नाही. तांब्यापासून मिळणारा लाल रंगही अशाच रीतीने वापरत; परंतु भट्टीतील हवा थोडी बिघडली तरी तो करडा पडतो किंवा उडून जातो. म्हणून झिलईखालील चांगला लाल रंग दुर्मीळ आहे.

(आ) झिलईवरील चित्रांकन : येथे पात्र आधी पूर्ण भाजून घेतात. नंतर काचेची पूड मिसळलेल्या रंगांनी झिलईवर चित्र काढून ते सुमारे ८०० अंशांच्या कमी आचेवर पुन्हा भाजतात. या पद्धतीत लाल, पिवळा, हिरवा, जांभळा असे अनेक रंग मिळतात. मात्र ते पृष्ठभागावर असल्याने वापराने झिजतात. बोट फिरवले असता ते किंचित उंच लागतात.

मिंग काळात छंगह्वा सम्राटाच्या कारकिर्दीत (१४६५–१४८७) या दोन्ही पद्धतींचा संगम झाला. आकृतीची बाह्यरेषा झिलईखाली निळ्याने काढावयाची आणि आतील रंग झिलईवर भरावयाचे, अशी ही रीत होती. कोंबडा, कोंबडी आणि पिल्ले रंगवलेली त्या काळातील छोटी पेली फार प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी एक पेला २०१४ मध्ये हाँगकाँग येथील लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. पुढे छिंग राजवटीत कांगशी सम्राटाच्या काळी (१६६२–१७२२) हिरव्या रंगाचे प्राबल्य असलेली बहुरंगी पात्रे तयार झाली. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस सोन्यापासून मिळणारा गुलाबी रंग आला आणि योंगजंग सम्राटाच्या काळात (१७२३–१७३५) त्यातून पाकळ्यांवरील कोवळ्या छटा साधता येऊ लागल्या. गुलाबी रंगातील चित्र असलेले पात्र पंधराव्या शतकातील असू शकत नाही, एवढे साधे अनुमानही यावरून काढता येते.

४.२.४ चित्रातील श्लेष

भाषेच्या अभ्यासकांसाठी या विषयातील सर्वांत रंजक भाग हाच आहे. श्लेष अलंकारात एकच शब्द दोन अर्थांनी येतो, हे आपण जाणता. 'मित्र' म्हणजे सखा आणि 'मित्र' म्हणजे सूर्य. चिनी भाषेत समान उच्चाराचे शब्द विपुल आहेत. चिताऱ्यांनी या वैशिष्ट्याचा उपयोग करून चित्रांतून श्लेष साधला. चित्र एका वस्तूचे असते. पण तिचे नाव उच्चारताच दुसराच शब्द कानी पडतो.

वटवाघूळ हे त्याचे ठळक उदाहरण. आपल्याकडे घरात वटवाघूळ शिरणे अशुभ मानतात. चिनी पात्रांवर मात्र वटवाघळे हौसेने रंगवलेली दिसतात. कारण वटवाघळाला 'फू' म्हणतात आणि सुदैवासाठीचा शब्दही 'फू' असाच उच्चारला जातो. पाच वटवाघळे म्हणजे पाच प्रकारची भाग्ये. वटवाघूळ उलटे रंगवले असेल, तर आणखी एक श्लेष साधतो. 'उलटे' आणि 'आले' या अर्थांचे शब्दही सारख्या उच्चाराचे आहेत, म्हणून 'भाग्य घरी आले' असा अर्थ होतो. मासा म्हणजे 'यू', आणि 'यू' म्हणजे शिल्लक राहण्याइतकी समृद्धी. कमळ म्हणजे 'लिएन', आणि 'लिएन' म्हणजे अखंड. कमळ व मासे एकत्र आले, की 'वर्षानुवर्षे समृद्धी नांदो' हा आशीर्वाद तयार होतो. हरिण म्हणजे 'लू', आणि 'लू' म्हणजे राजसेवेतील वेतन. स्वतः फुलदाणीचे नावही 'पिंग' आहे आणि शांततेसाठीचा शब्दही 'पिंग'.

सर्वच चित्रे श्लेषाधारित नसतात. काहींचा अर्थ प्रतीकातून येतो. डाळिंबात दाणे पुष्कळ, म्हणून ते संततीचे प्रतीक. पीच हे फळ दीर्घायुष्याचे. देवदार जातीचा सदाहरित वृक्ष, बांबू आणि हिवाळ्यात फुलणारा प्लम यांना 'हिवाळ्याचे तीन मित्र' म्हणतात. संकटातही न डगमगणाऱ्या सज्जनांचे ते प्रतीक. पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाशी निगडित असे.

श्लेषाचे भाषांतर होत नाही, हा आपला काव्याभ्यासातील अनुभव आहे. चित्रातील श्लेषाचेही तसेच होते. मायसेनच्या कारखान्यात अठराव्या शतकात चिनी नमुन्यावरून एक निळी नक्षी तयार झाली. तिच्यातील डाळिंबे आणि पीच युरोपीय लोकांना ओळखू आली नाहीत. त्यांना ती कांद्यासारखी दिसली आणि आजही ती नक्षी 'कांद्याची नक्षी' म्हणूनच ओळखली जाते. आकार प्रवास करून गेला. अर्थ मागे राहिला.

४.२.५ पात्रावरील लेख : तीन प्रकार

आता आपण अक्षरांकडे वळू. पात्रांवरील लेख स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार राजवटलेखाचा. पात्राच्या तळाशी, बहुधा दोन निळ्या वर्तुळांत, चार किंवा सहा अक्षरांत सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव लिहिलेले असते. उदाहरणार्थ, 'महान मिंगांच्या शुआंद कारकिर्दीत घडवले' अशा आशयाची सहा अक्षरे. शुआंदच्या काळापासून (१४२६–१४३५) ही प्रथा दृढ झाली. वाचकाला वाटते, की पात्राचा काळ कळला. परंतु येथेच खरी अडचण आहे. शुआंद व छंगह्वा यांच्या कारकिर्दींना नंतरच्या पिढ्यांनी सुवर्णकाळ मानले आणि दोनशे-अडीचशे वर्षांनंतरच्या कारागिरांनीही आपल्या पात्रांवर तीच नावे लिहिली. यात प्रत्येक वेळी फसवणुकीचा हेतू होता असे नाही. जुन्या आदर्शाला केलेले ते वंदनही असे. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर तत्कालीन सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव लिहिण्यास मनाई केली. पात्र फुटले तर त्यासोबत राजनामाचाही भंग होईल, ही त्यामागील भावना. परिणामी त्या काळातील अनेक पात्रांवर जुन्या मिंग सम्राटांची नावे, एखादे पान वा फूल, किंवा नुसती दोन रिकामी वर्तुळे आढळतात. म्हणजे राजवटलेखावरून पात्र 'कोणत्या काळाचे' हे निश्चित होत नाही. ते 'कोणत्या काळाचे म्हणवते' एवढेच कळते.

दुसरा प्रकार अर्पणलेखाचा. देवस्थानाला दान दिलेल्या पात्रावर दात्याचे नाव, गाव, तिथी आणि प्रार्थना लिहिलेली असते. आपल्याकडे मंदिरातील घंटेवर किंवा समईवर दात्याचे नाव कोरलेले असते, तसाच हा प्रकार.

तिसरा प्रकार मालकीलेखाचा. हा पात्र घडवताना लिहिलेला नसतो. मागाहून मालक तो झिलईवर कोरून घेतो. अर्दबीलच्या पात्रांवर शाह अब्बासचा दानलेख असा कोरलेला आहे. शाहजहान बादशाहाचे नाव कोरलेली चिनी पात्रेही ज्ञात आहेत. हा लेख पात्र केव्हा घडले हे सांगत नाही. परंतु त्या तारखेपूर्वी ते घडलेले होते, एवढे मात्र खात्रीने सांगतो.

४.२.६ १३५१ मधील दोन फुलदाण्या

लेखावर विश्वास केव्हा ठेवावा, याचे उत्तर एका प्रसिद्ध जोडीच्या उदाहरणातून पाहू.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे ६३ सेंटिमीटर उंचीच्या दोन निळ्या-पांढऱ्या फुलदाण्या आहेत. मानेच्या दोन्ही बाजूंना हत्तीच्या मस्तकाच्या आकाराच्या मुठी आहेत. पोटाच्या मध्यभागी ढगांतून झेपावणारा ड्रॅगन आहे. त्याच्या वर-खाली वेलबुट्टीचे पट्टे आहेत. मानेवर, उभ्या पानांच्या नक्षीत एक लेख आहे. त्याचा आशय असा, की युशान परगण्यातील झांग वनजिन या भक्ताने एक धूपपात्र आणि फुलदाण्यांची जोडी हू जिंगयी या देवत्व पावलेल्या सेनापतीच्या देवालयास अर्पण केली. संपूर्ण कुटुंबाचे रक्षण व्हावे आणि मुलाबाळांना शांती लाभावी, ही त्याची प्रार्थना. कारकिर्दीचे अकरावे वर्ष, चौथा महिना, असा काळ दिला आहे. तो इसवी सन १३५१ होय. धूपपात्र हरवले, जोडी उरली.

या दोन फुलदाण्यांना पुन्हा एकत्र आणणारे संग्राहक सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे मुंबईतील बगदादी ज्यू समाजातील उद्योजक व बँकर होते. चिनी पात्रे नुसती जमवून पर्सिव्हल डेव्हिड थांबले नाहीत. ती समजावीत म्हणून ते चिनी भाषा शिकले. वर उल्लेखिलेल्या 'गगू याओलुन' या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले. ज्या ग्रंथाने निळ्या-पांढऱ्या पात्रांना गावंढळ म्हटले, त्याचाच अनुवाद त्या पात्रांच्या थोर संग्राहकाने करावा, हा योग विलक्षण आहे. सुमारे १,७०० वस्तूंचा त्यांचा संग्रह प्रथम लंडन विद्यापीठाकडे होता. २००९ पासून तो ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेला आहे.

फुलदाण्यांवरील लेख १९२९ मध्ये हॉब्सन या अभ्यासकाने प्रसिद्ध केला. त्या काळी उत्तम निळी-पांढरी पात्रे मिंग काळातच तयार झाली, अशी समजूत दृढ होती. युआन काळातील उत्कृष्ट पात्रे जगभरच्या संग्रहांत होती. परंतु त्यांना त्यांच्या काळाचे नाव मिळाले नव्हते. १९५० च्या दशकात जॉन अलेक्झांडर पोप या अमेरिकी अभ्यासकाने या फुलदाण्यांवरील पाने, लाटा, कमळवेली आणि ड्रॅगन यांची तोपकापी व अर्दबील येथील पात्रांशी बारकाईने तुलना केली. रेखाटनाच्या त्याच लकबी तेथे आढळल्या. तेव्हा एका जोडीच्या आधारे चौदाव्या शतकातील संपूर्ण पात्रसमूह ओळखता आला. एका भक्ताने मुलाबाळांसाठी केलेल्या प्रार्थनेमुळे एका विस्मृत कालखंडाला त्याची कला परत मिळाली.

आता विचार करा. राजवटलेखही निळ्या अक्षरांतच असतो आणि हा लेखही. मग याच्यावरच विश्वास का ठेवावयाचा? त्याची तीन कारणे सांगता येतील. पहिले, हा लेख तपशिलाचा आहे. गाव, व्यक्ती, देवालय, महिना अशा ज्या गोष्टींत बाजाराला रस नाही, त्या यात आहेत. दुसरे, त्यात खोटेपणाचा लाभ नाही. युआन काळातील निळ्या-पांढऱ्या पात्रांना विसाव्या शतकाच्या आरंभी मोल नव्हते. फसवणारा माणूस शुआंदचे नाव लिहिता. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, लेखाच्या बाहेरील पुरावा त्याला दुजोरा देतो. दूरच्या दोन देशांत, स्वतंत्रपणे जपल्या गेलेल्या पात्रांशी त्याचे चित्रांकन जुळते. लेख स्वतःच स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही. त्याला दुसरा साक्षीदार लागतो.

४.२.७ वाचनाचा क्रम

वरील विवेचनावरून पात्र वाचण्याचा पुढील क्रम सुचतो.

(१) देह : माती पांढरी आहे का? पात्राच्या पायाच्या कडेला झिलई नसते, कारण झिलई असती तर भट्टीत पात्र खाली चिकटले असते. मूळ माती तेथेच दिसते.
(२) घडण : आकार कोणत्या उपयोगासाठी आहे? सामाईक भोजनाचा थाळा, पूजेची फुलदाणी की पेय पिण्याचा पेला?
(३) रंग : झिलईखाली आहे की वर? तो त्या काळी उपलब्ध होता का?
(४) चित्र : त्यातील श्लेष व प्रतीके कोणती? ती कोणत्या ग्राहकाला कळणार होती?
(५) लेख : तो तीन प्रकारांपैकी कोणता? पहिल्या चार पायऱ्यांशी तो जुळतो का?

सामान्य पाहणारा पात्र उलटे करून प्रथम तळावरील अक्षरे पाहतो. अभ्यासकाने मात्र अक्षरे शेवटी वाचावीत. आधी अक्षरे वाचली, की मग डोळे त्यांनाच पुरावे शोधू लागतात.

४.२.८ आपल्या परिसरातील खुणा

चिनी पात्रे पश्चिम भारतालाही अपरिचित नव्हती. सोळाव्या शतकात मकाव येथून लिस्बनकडे जाणारा पोर्तुगीज व्यापार गोव्यामार्गे चाले आणि पोर्तुगीज राजचिन्हे रंगवलेली पात्रे चिनी कारागीर मागणीनुसार तयार करीत. झिलईच्या वस्तूंना 'चिनी' म्हणण्याची रीत आपल्याकडे इतकी रुजली, की दौलताबादच्या किल्ल्यातील झिलईदार फरशांनी सजवलेल्या वास्तूलाही 'चिनी महाल' हे नाव मिळाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी व जपानी वस्तू पाहावयास मिळतात.

४.३ सारांश

पोर्सलेन हे केओलीन आणि विशिष्ट दगड यांच्या मिश्रणातून, अतिउच्च उष्णतेत तयार होते. त्यावरील निळ्या चित्रांकनाची भरभराट चौदाव्या शतकात चीन आणि पश्चिम आशिया यांच्या संबंधांतून झाली. झिलईखालील व झिलईवरील अशा दोन पद्धतींनी चित्रे काढली जात. या चित्रांत समान उच्चारांवर आधारलेला श्लेष आढळतो. पात्रावरील राजवटलेख, अर्पणलेख आणि मालकीलेख यांची विश्वसनीयता भिन्न असते. १३५१ मधील फुलदाण्यांचा लेख विश्वसनीय ठरला, तो केवळ लिहिलेला होता म्हणून नव्हे, तर इतर पुराव्यांनी त्याला दुजोरा दिला म्हणून. लिखित साधनाची परीक्षा नेहमी त्याच्याबाहेरील साधनाने करावी, हा या घटकाचा निष्कर्ष होय.

४.४ पारिभाषिक शब्द

केओलीन : पोर्सलेनच्या देहाला आकार टिकवून धरण्याचे बळ देणारी पांढरी माती.
झिलई : भाजल्यावर काचेसारखा होणारा पात्रावरील थर.
राजवटलेख : पात्राच्या तळावरील, सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव सांगणारा लेख.
मालकीलेख : पात्र घडल्यानंतर मालकाने कोरवलेला लेख.
खापर : फुटलेल्या मातीच्या भांड्याचा तुकडा.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'केओलीन' हे नाव कोणत्या ठिकाणावरून पडले?
२. चिनी पात्रांवर वटवाघूळ शुभ का मानले जाते?
३. मालकीलेखावरून पात्राच्या काळाविषयी काय निश्चित सांगता येते?

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. झिलईखालील निळा रंग चित्र काढतानाच निळा दिसतो.
२. छंगह्वा सम्राटाचे नाव असलेले प्रत्येक पात्र पंधराव्या शतकातील असते.

उत्तरे : (अ) १. जिंगदेझेनजवळील गाओलिंग. २. 'वटवाघूळ' आणि 'सुदैव' या अर्थांच्या शब्दांचा उच्चार सारखा असल्यामुळे. ३. लेख कोरला त्यापूर्वी ते पात्र घडलेले होते, एवढेच. (आ) १. चूक. २. चूक.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'अस्सलपणा हा देवाणघेवाणीतून घडतो' या विधानाची निळ्या-पांढऱ्या पोर्सलेनच्या आधारे चर्चा करा.
२. शाब्दिक श्लेष आणि चित्रातील श्लेष यांची तुलना करा.
३. १३५१ च्या फुलदाण्यांवरील लेख विश्वसनीय का मानावा, हे सकारण लिहा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा गावातील देवालयातील एखादी लेखयुक्त जुनी वस्तू निवडा. घंटा, समई, तांब्या किंवा परात यांपैकी काहीही चालेल. विभाग ४.२.७ मधील क्रमाने तिचे वाचन करा. अक्षरे शेवटी वाचा. तिच्यावरील नाव व तिथी यांना दुजोरा देणारा दुसरा साक्षीदार, म्हणजे एखादे कागदपत्र, छायाचित्र किंवा घरातील वडीलधाऱ्यांची आठवण, मिळतो का याचा शोध घ्या आणि दोन पानी टिपण तयार करा.